मिश्रीचा तास

आमच्या कारखान्यातली मिश्री पकडली गेली ती गोड्या मसाल्यामुळे.

मांजरीच्या पुढे, जिथे ऊस संपतो आणि गोदामं सुरू होतात, तिथे आमचा मसाल्याचा कारखाना आहे. मी पॅकिंग विभागाची सुपरवायझर. हाताखाली सगळ्या बायका. एकदा परदेशी माल घेणाऱ्या गिऱ्हाईकाचा तपासनीस आला. त्यानं जाळ्या पाहिल्या, टोप्या पाहिल्या, मास्क आणि हातमोजे पाहिले आणि शेवटी हात धुवायच्या बेसिनपाशी थांबला. बेसिनच्या कडेला बारीक तपकिरी कण चिकटलेले होते. हे काय, त्यानं विचारलं. आमच्या साहेबांनी क्षणही न दवडता सांगितलं, "आमचा गोडा मसाला." चांगलं अभिमानानं सांगितलं. तपासनिसानं मान डोलावली, कण कापसाच्या काडीवर घेतले, पिशवीत भरले आणि घेऊन गेला.

मी शेजारीच उभी होते. ते कण गोड्या मसाल्याचे नाहीत हे मला ठाऊक होतं. त्यातले काही माझेच असण्याची शक्यता होती.

यथावकाश अहवाल आला. गोड्या मसाल्यात निकोटीन सापडलं होतं. आता साहेबांपुढे दोनच वाटा होत्या. आमच्या मसाल्यात तंबाखू आहे असं मान्य करायचं, नाहीतर आमच्या बायकांच्या तोंडात आहे असं. त्यांनी मसाला वाचवला.

मिश्रीचं असं असतं की ती कुणी ठरवून सुरू करत नाही. दाढ दुखते, शेजारीण म्हणते जरा मिश्री लाव. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. दाढ बरी होते, डबी राहते. सकाळी उठल्यावर एकदा, जेवल्यावर एकदा, पाळी सुटताना एकदा. आमच्याकडे तर तोंडावर दिवसभर मास्क, त्यामुळे आत काय चाललंय हे देवालाही दिसत नव्हतं.

कंपनीनं व्यसनमुक्तीचा कार्यक्रम जाहीर केला. सक्तीचा. आठवड्यातून दोनदा, पाळीच्याच वेळात, एक तास. शेवटी सगळ्यांच्या लाळेची तपासणी. माझ्यासारख्या कायम असलेल्या बायकांच्या लाळेत काही सापडलं तर लेखी ताकीद. कंत्राटावरच्यांच्या सापडलं तर घर.

समुपदेशनाला कोथरूडहून एक मॅडम यायच्या. स्कूटरवरून अख्खं पुणं ओलांडून यायच्या, त्यामुळे पोचेपर्यंत त्यांचा माणसांवरचा विश्वास बराच कमी झालेला असायचा. हेल्मेट टेबलावर ठेवत पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी तुमची मिश्री सोडवायला आलेय असं कंपनी म्हणते. मगरपट्ट्याच्या चौकात एक तास उभी होते, तेव्हा मलाच काहीतरी लावावंसं वाटत होतं."

बायकांना त्या तिथेच आवडल्या.

पहिल्या आठवड्यात आमची सगळ्यात मोठी अडचण वेगळीच निघाली. मिश्री लावल्याशिवाय कुणाचं पोट साफ होत नव्हतं. वर्षानुवर्षं पोटाला तीच सवय. सकाळच्या पाळीला बायका यायच्या त्या तोंड वाकडं करून, आणि एकमेकींना नमस्कारही न करता पहिला प्रश्न विचारायच्या, "झाली का?" एखादीची झाली असेल तर ती राणीसारखी मिरवायची. इसबगोल, एरंडेल, गरम पाण्यात तूप, पपई, सगळ्यांच्या शिफारशी लाईनवरून फिरत. साहेबांनी एकदा जाता जाता ऐकलं आणि मला कौतुकानं म्हणाले, "मॅडम, बायका कामाविषयी किती आस्थेनं विचारतात एकमेकींना."

दुसरं म्हणजे तोंडं सुटली. मिश्री तोंडात असली की माणूस बोलत नाही, हुंकार देतो. इतकी वर्षं माझी लाईन शांत होती ती शिस्तीमुळे, असं मी समजत होते. आता ज्या बायकांचे आवाज मी कधी ऐकले नव्हते त्या गाणी म्हणायला लागल्या. हसण्याची तर साथ आली. धणे-जिऱ्याचं पाकीट उलटं सीलबंद झालं तरी हसू, मशीन बंद पडलं तरी हसू. मला स्वतःला एकदा हळदीची गोणी पाहून हसू आलं, आणि गोणीनं काहीही केलेलं नव्हतं. एका दुपारी कुणीतरी साहेबांच्या पाठीवर लेबल चिकटवलं, "थंड व कोरड्या जागी ठेवा". साहेब ते घेऊन दिवसभर हिंडले. मी ते काढायला हवं होतं. माझ्याच्यानं जवळ जाववेना, जवळ गेलं की खांदे हलायला लागायचे.

मॅडमनी आम्हाला नाही म्हणायचा सराव दिला. एकीनं डबी पुढे करायची, दुसरीनं नकार द्यायचा. पद्धत ठरलेली. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ठामपणे नाही म्हणायचं, कारण द्यायचं नाही आणि त्याऐवजी दुसरं काहीतरी चांगलं सुचवायचं. बायकांनी हे मन लावून शिकून घेतलं. त्याच शनिवारी साहेब लाईनवर आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "उद्या जरा येऊन जा सगळ्या, माल अडकलाय." आजवर यावर कुणी काही बोललेलं नव्हतं. या वेळी मिरचीच्या टेबलावरची सगळ्यात लाजाळू बाई पुढे आली, तिनं साहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "नाही साहेब. त्यापेक्षा आपण बागेत फिरायला जाऊ."

साहेब सरळ माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, ही बाई मला बागेत का बोलावतेय?"

"कार्यक्रमाचा परिणाम दिसतोय, साहेब," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

खरा घोळ झाला तो हात वर करण्यानं. तासाच्या सुरुवातीला मॅडम विचारायच्या, या आठवड्यात कुणी कुणी लावली? ज्यांनी लावली नाही त्यांनी टाळ्या घेऊन कामावर परत जायचं, ज्यांनी लावली त्यांनी पुढचा तास बसायचं. कागदावर हे बरोबर होतं. पण आमचं काम दिवसभर उभ्यानं. आणि मिश्रीच्या तासाला मीटिंगची खोली, गादीच्या खुर्च्या, पंखा आणि चहा. पहिल्या वेळी जरा जास्त हात वर झाले. पुढच्या वेळी निम्मे. मग एक दिवस मॅडमनी विचारलं आणि खोलीतला एकूण एक हात वर गेला, ज्यांनी जन्मात मिश्री पाहिली नव्हती अशा दोघींसकट.

मॅडमनी सगळे हात मोजले, आकडा वहीत लिहिला. मग म्हणाल्या, "मी पुष्कळ ठिकाणी अपयशी झालेय. पण इतक्या खुशीत नाही. घ्या, चहा घ्या."

त्यांना कळलं होतं. आम्हाला तर माहीतच होतं. कळलं नव्हतं ते साहेबांना, कारण त्यांच्याकडे गेला तो आकडा. सगळ्या बायका पुन्हा लावायला लागल्या, असा त्यांनी अर्थ घेतला आणि लाईनवर येऊन सांगितलं, पुढच्या सोमवारी लाळ तपासणार. ज्या कंत्राटी बाईच्या लाळेत सापडेल तिला त्याच दिवशी सुट्टी, आणि ज्यांना या वेळी कायम करायचं ठरलंय त्यांनाही तोच नियम.

या वेळी कायम करायचं ठरलं होतं ते एकाच बाईला. आत्याला.

आत्या कुणाची आत्या होती ठाऊक नाही. ती लाईनवर माझ्याही आधीपासून होती. साडेसतरा नळी गावातल्या एका खोलीत एकटी राहायची. लेक जुन्नरकडे. तो तिला बोलवायचा, सूनही बोलवायची. "दोघंबी लई चांगली हायेत," आत्या म्हणायची. "म्हून तर जायचं न्हाई. चांगलीच राहू देत." कायम झाली की साठीपर्यंत कुणाच्या दारात जायची वेळ येणार नव्हती. कंत्राट सुटलं तर त्याच महिन्यात जुन्नर.

मी काळजी करत नव्हते. तासाला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच हात आत्याचा असायचा, आणि आम्ही सगळ्या तिच्या अभिनयावर खूश होतो. शुक्रवारी पाळी सुटताना कपडे बदलायच्या खोलीत मी तिला म्हटलं, "आत्या, नाटक पुरे आता. सोमवारी पट्टीवर खरं काय ते दिसणारच आहे."

"कसलं नाटक?"

"हात वर करायचं."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "म्या लावते की. त्या इचारतात, म्या हात वर करते. खोटं कशापायी बोलू?"

अख्ख्या खोलीत एकच हात खरा होता आणि आम्ही त्याला दाद देत होतो.

रडत बसण्यात अर्थ नव्हता. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, लाळेतून जायला थोडे दिवस लागतात, सोमवारपर्यंत काठावर आहे, आणि एकटीला ठेवू नका. मग मी साहेबांकडे जाऊन मशीनच्या देखभालीचं कारण पुढे केलं आणि तपासणी त्याच्या पुढच्या सोमवारवर ढकलून घेतली. संध्याकाळी आत्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि घरी आणलं. डबी तिच्या कमरेला होती. ती मी सोसायटीच्या गेटपाशी कचऱ्याच्या डब्यात टाकली. आत्यानं डब्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवी व्हती," ती म्हणाली.

पहिले दोन दिवस घरात आत्या नव्हती, वादळ होतं. तिनं माझी सगळी तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासली. नंतर स्टीलचीही घासली. कपाटातल्या साड्या काढून घड्या बदलल्या. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिनं पेपर वाचताना तीनदा उठवून खालची फरशी पुसली. हे तसे सोशिक आहेत, पण शेवटी हळूच मला म्हणाले, "अगं, हिला थोडीशी दिली तर?" मी नुसतं बघितलं. ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

सकाळी एरंडेल, मग गरम पाणी, मग जिना उतरून बिल्डिंगला फेऱ्या. फेऱ्या मारताना आत्या भेटेल त्याला विचारायची, "मिश्री हाय का?" आमची सोसायटी नवी. सगळी खराडीला नोकरी करणारी, हिंदी बोलणारी पोरं. त्यांना वाटायचं आजी साखर मागतायत. एकीनं खरंच वाटीभर खडीसाखर आणून दिली.

तिसऱ्या दिवसापासून मात्र आत्या एकदम शांत झाली. पोटही साफ झालं, फरशीही एकदाच पुसली गेली, सोफ्यावर बसून ती मालिका बघू लागली. माझ्या शिस्तीचा आणि एरंडेलाचा गुण आला, असं मी मानलं. लाईनवर तसं सांगितलंही. दोघींनी माझ्याकडून प्रमाण लिहून घेतलं.

सोमवार आला. तपासणीला प्रयोगशाळेतला एक गंभीर माणूस पेटी घेऊन आला. एकेकीनं काडी तोंडात धरायची, ती पट्टीत खुपसायची आणि थांबायचं. दोन रेघा आल्या तर लाळ स्वच्छ, एकच आली तर दोष. पण आम्हा बायकांना आयुष्यात एकच पट्टी माहीत, आणि तिच्यावर दोन रेघा आल्या की घरात पेढे वाटतात नाहीतर रडारड होते. पहिल्याच बाईनं पट्टी पाहिली आणि मटकन खुर्चीत बसली. "अहो, नाही हो, माझं ऑपरेशन झालंय." पुढच्या सगळ्या जणी हसत हसतच काड्या चावत गेल्या. दोन रेघा, दोन रेघा, दोन रेघा. माझ्याही दोन. प्रत्येकीचं शेजारणी अभिनंदन करत होत्या आणि तिला डोहाळे विचारत होत्या. तो माणूस दोनदा म्हणाला, "कृपया शांतता राखा," आणि मग स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

शेवटी आत्या. एक रेघ.

आम्ही दुसरी यायची वाट पाहिली. ती आली नाही. त्या माणसानं नवी पट्टी काढली, पुन्हा केलं. एकच.

हसू कुठे गेलं कळलं नाही. साहेब दारातच उभे होते. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मला सांगायला हवं. ते म्हणाले, "आत्या, नियम सगळ्यांना सारखा."

"म्या एक कणबी लावला न्हाई," आत्या म्हणाली. "इचारा हिला."

"मी डबी माझ्या हातानं फेकलीय, साहेब," मी म्हटलं. "आत्या माझ्या घरी आहे. घरात चिमूटभर तंबाखू नाही."

"मग पट्टी खोटं बोलतेय का?"

आत्या विचार करत होती. "म्या काय खाल्लं त्ये सांगू का? हिच्या घरचं जेवण, त्ये एरंडेल, आन् त्या पोरीचं चिंगम."

"कुठल्या पोरीचं?"

"तुझ्या समोरच्या दारातली. लई गुणाची हाय. म्हनली, आज्जी, मी बी सोडलीया, हे चावा, बरं वाटंल." आत्यानं कनवटीला हात घातला आणि चांदीसारख्या कागदाची अर्धी संपलेली पट्टी माझ्या हातात ठेवली. "खरंच बरं वाटतंय."

समोरच्या मुलीनं मध्यंतरी सिगारेट सोडली होती. आम्ही दार लावून राहणारी माणसं, मला त्याचा पत्ता नव्हता. आत्याला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. मी कागद उलटा करून वाचला. निकोटीन.

मी तिथेच मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मागून हॉर्न ऐकू येत होते. मी कागदावरचं वाचून दाखवलं. मॅडमनी एक सुस्कारा सोडला.

"साहेब आहेत का तिथे?"

"आहे," साहेब म्हणाले.

"हे औषध आहे. सोडताना घ्यायचं असतं. त्यात निकोटीन असतं, म्हणूनच त्याचा उपयोग होतो, आणि म्हणूनच ते लाळेत सापडतं. पहिल्याच आठवड्यात मी तुमच्याकडे हेच मागितलं होतं. तुमच्याकडून बडीशेप आली."

"चांगली बडीशेप होती," साहेब म्हणाले. "निर्यातीची."

"असेल. तुम्ही बाईला धरून पाण्यात ढकललंत, ती पोहायला शिकली, आणि आता ओली का झाली म्हणून तिला काढताय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला कळतंय हो. पण गिऱ्हाईकाला पट्टी दाखवायची आहे. त्याला मी काय सांगू?"

"सांगा, गोडा मसाला आहे," मॅडम फोनवरून म्हणाल्या.

आधी प्रयोगशाळेतला माणूस हसला. त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, बहुधा सकाळपासूनचं साठलेलं असावं. मग बायका. मग मी. साहेबांनी थोडा वेळ दम धरला आणि मग त्यांनाही टेबलाला हात टेकून उभं राहावं लागलं. फोनवरून मॅडम विचारत होत्या, "काय झालं? हॅलो? सिग्नल सुटलाय, मी ठेवते."

हसून झाल्यावर मी मुद्द्याचं बोलले. आत्याचं नाव काढायचं नाही. औषध मॅडम सांगतील तसं कमी करत न्यायचं. ते पुरतं बंद झालं की पुन्हा तपासायचं आणि तीच पट्टी गिऱ्हाईकाला पाठवायची. औषधाचा खर्च कंपनीचा. साहेब म्हणाले विचार करतो. बायका जागच्या हलल्या नाहीत. कुणी घोषणा दिली नाही की काही नाही, नुसत्या साहेबांच्या डोळ्यांत बघत राहिल्या, ठाम, आणि कारण न देता. साहेबांना त्या नजरेची ओळख झालेली होती. पुढे बाग येते, हेही त्यांना माहीत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण तोपर्यंत कायमची ऑर्डर निघणार नाही."

ती मधली वेळ आत्याला जड गेली. चिंगम कमी होत गेलं तशी ती पुन्हा भांडी घासायला लागली, या वेळी कारखान्याची. तिला पुन्हा चव यायला लागली होती आणि त्याचा तिला त्रासच जास्त व्हायचा. आपला कांदा-लसूण मसाला खारट आहे, असं तिनं एक दिवस जाहीर केलं. इतकी वर्षं तोच मसाला भरत होती, पण तो तिला लागलाच नव्हता. मी चाखून पाहिला. खारट होता. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, एका वेळी एकच प्रश्न घेऊ.

दुसऱ्या तपासणीला हसायला कुणी नव्हतं. पाळी चालू होती, खोलीत मी, आत्या आणि प्रयोगशाळेतला तो गंभीर माणूस. तिनं काडी तोंडात धरली, मी पट्टी टेबलावर ठेवली. एक रेघ आली. आत्यानं पदर तोंडाला लावला. मग अगदी फिकट, बघावी की न बघावी अशी, दुसरी उमटायला लागली आणि हळूहळू ठसठशीत झाली. त्या गंभीर माणसानं ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "आहे. दुसरी आहे."

आत्यानं विचारलं, "म्हंजी जुन्नर न्हाई?"

"नाही," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात कायम कामगारांच्या ओळखपत्रासाठी तिचा फोटो काढायचा होता. ऑफिसातले क्लार्कभाऊ मोबाइल घेऊन आले. आत्या भिंतीला टेकून ताठ उभी राहिली, नवी टोपी घालून. क्लार्कभाऊ म्हणाले, जरा हसा. आत्या हसली. सगळे दात काळेभोर, या कानापासून त्या कानापर्यंत.

क्लार्कभाऊंनी मोबाइल खाली घेतला. "आत्या, तोंड मिटून हसलात तरी चालेल. हे साठीपर्यंत गळ्यात राहणार आहे."

"राहू दे," आत्या म्हणाली आणि तशीच हसत उभी राहिली. त्यांना काढावा लागला.